तलफेच्या क्षणी सोबत

व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणे, कमी करू पाहणाऱ्या, सोडू पाहणाऱ्या १८ ते २४ वर्षांच्या मुलामुलींना मोबाइलवरून मदत कशी करता येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातल्या बहुतेक घटना अमेरिकेतल्या आहेत, कारण तरुणांमधली व्हेपिंगची मोठी लाट तिथे उसळली आणि तिच्यावरचे सर्वांत काटेकोरपणे तपासलेले उपायही तिथेच निघाले. तरीही मराठी वाचकाने हा विषय दूरदेशीचा म्हणून बाजूला ठेवू नये असे मला मनापासून वाटते. आपली मुले तिथल्या विद्यापीठांत शिकत आहेत, वसतिगृहांत राहत आहेत. आणि भारतात २०१९पासून बंदी असलेली ई-सिगारेट आपल्या कॉलेजांच्या आसपास पोहोचलेली आहे, हे प्राध्यापकांना विचारून पाहिले तर समजते.

२०१५ साली अमेरिकेच्या बाजारात ‘जूल’ नावाचे उपकरण आले. ॲडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस या दोघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात डिझाइनचे शिक्षण घेताना सिगारेटला पर्याय शोधायला सुरुवात केली होती. जूल हे त्याचे फळ. दिसायला पेन ड्राइव्हसारखे, लॅपटॉपला लावून चार्ज होणारे, मुठीत लपणारे. ई-सिगारेटी त्याआधीही होत्या, पण त्यांतल्या निकोटीनचे प्रमाण वाढवले की घसा खवखवायचा आणि नवशिक्याला ठसका लागायचा. जूलने निकोटीनमध्ये बेन्झॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. त्यामुळे वाफ घशाला मऊ लागू लागली आणि तीव्र मात्रेचे निकोटीन पहिल्याच झुरक्यापासून सहज आत जाऊ लागले. द्रवाच्या एका कुपीत, म्हणजे पॉडमध्ये, साधारण वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटीन असते, असे कंपनीच सांगत होती. त्यात आंबा, पुदिना यांसारखे स्वाद. ज्या मुलाने आयुष्यात सिगारेट ओढली नसती, त्याच्या हातात हे उपकरण आले, आणि शरीर निकोटीनला किती लवकर बांधले जाते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली निकोटीनची सवय अधिक घट्ट बसते.

पुढचे आकडे त्या काळी अमेरिकेला हादरवून गेले. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांपैकी मागच्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण २०१७ साली ११.७ टक्के होते, २०१८ साली २०.८ आणि २०१९ साली २७.५ टक्के. डिसेंबर २०१८मध्ये तिथले सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी ही साथ असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने १२८० कोटी डॉलर मोजून जूलचा ३५ टक्के हिस्सा विकत घेतला. या दोन घटना एकाच महिन्यातल्या आहेत, हे मला विसरता येत नाही.

मग सरकार हलले. डिसेंबर २०१९मध्ये तंबाखूजन्य वस्तू विकत घेण्याचे वय साऱ्या अमेरिकेत १८वरून २१वर गेले. स्वादांवर निर्बंध आले, कंपन्यांवर खटले झाले. २०२४च्या पाहणीत हायस्कूलमधले प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. हे मोठेच यश आहे. पण ती पाहणी शाळेतल्या मुलांची आहे. २०१९ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा २०२४ साली बावीस वर्षांचा झाला. तो शाळेच्या पाहणीतून बाहेर पडला, व्यसनातून बाहेर पडलाच असे नाही. त्याच्यासाठी शाळेतला समुपदेशक उरला नाही, घरापासून तो लांब गेला, आणि हातातल्या पैशावर आता कोणाचे लक्ष नाही. हे पुस्तक त्या बावीस वर्षांच्या मुलाबद्दल आहे.

सिगारेट सोडवण्याची जी व्यवस्था गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिली, ती चाळिशी-पन्नाशीच्या माणसांसाठी घडली होती. छातीत दुखू लागलेला, डॉक्टरांनी तंबी दिलेला माणूस दवाखान्यात जायचा, समुपदेशकापुढे बसायचा, निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगम घ्यायचा. बावीस वर्षांच्या मुलीला काही दुखत नसते. सकाळी जाग आली की उशीखाली हात जातो, परीक्षेच्या आदल्या रात्री पॉड संपला तर जीव कासावीस होतो, एवढेच तिला कळत असते. तिला आपण रुग्ण वाटत नाही आणि ती दवाखान्यात जात नाही. आईबाबांना सांगण्याची तर सोयच नाही. त्यातून या वस्तूला सिगारेटसारखा वास नाही, राख नाही, थोटूक नाही, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. सिगारेट जळून संपते आणि माणसाला क्षणभर थांबवते. व्हेप हातातच असते, अभ्यास करताना, चित्रपट पाहताना, अंथरुणात. दिवसाला किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर ओढणाऱ्याला स्वतःलाही देता येत नाही.

भीती घालून हे सुटेल, असे पुष्कळांना वाटले. २०१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर इजा होऊ लागल्या. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यांपैकी ६८ जणांचा मृत्यू झाला. तपासात मुख्य संशय गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर गेला. बातम्या महिनोन्‌महिने चालल्या, मुलांनी त्या पाहिल्या, घाबरलीही. अनेकांनी सोडायचे ठरवले. पण ठरवल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी जी तलफ येते, तिच्यासमोर भीती फार वेळ टिकत नाही. तेव्हा लागते ती सोबत, आणि ती त्या मिनिटाला हजर असावी लागते. माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे कोणाच्या आधाराने काढायची, एवढाच प्रश्न असतो, आणि तो दिवसातून अनेकदा येतो. समुपदेशकाची वेळ पुढच्या मंगळवारची असते. फोन मात्र त्याच हातात असतो.

फोनवरून व्यसन सोडवण्याची कल्पना व्हेपिंगपेक्षा जुनी आहे. न्यूझीलंडमध्ये १,७०५ सिगारेट ओढणाऱ्या, बहुतेक तरुण माणसांना सोडण्याच्या काळात रोज मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले गेले. सहा आठवड्यांनी संदेश मिळालेल्यांपैकी २८ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १३ टक्के जणांनी आपण सोडल्याचे सांगितले. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला; स्मार्टफोन अजून घरोघरी पोहोचायचा होता. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या माओरी समाजात सिगारेटचे प्रमाण जास्त होते आणि सरकारी आरोग्यसेवा त्यांच्यापर्यंत कमी पोहोचत होती. संशोधकांनी माओरी लोकांसाठी त्यांच्या भाषेचा, त्यांच्या रीतींचा विचार करून संदेश तयार केले, आणि परिणाम इतरांइतकाच चांगला आला. पुढे ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर अशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. यात तर लोकांच्या शब्दावर न थांबता शरीरातल्या खुणा तपासून खात्री केली होती. सहा महिने सलग सोडून राहिलेले संदेशाच्या गटात १०.७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. दुपटीहून अधिक.

या वाटेवरूनच ‘धिस इज क्विटिंग’ हा कार्यक्रम आला. तो ‘ट्रुथ इनिशिएटिव्ह’ या संस्थेने जानेवारी २०१९मध्ये सुरू केला. संस्थेचा जन्मही जाणून घेण्यासारखा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी मोठी तडजोड केली, कंपन्यांना भरपाई द्यावी लागली, आणि त्या पैशातून तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी ही संस्था उभी राहिली. सिगारेट विकून मिळवलेला पैसा सिगारेटीविरुद्ध वापरला जाणे हा न्यायच होता. वीस वर्षे जाहिरातींतून तरुणांशी बोललेल्या या लोकांना त्यांची भाषा येत होती, आणि कार्यक्रमाच्या प्रत्येक ओळीत ते जाणवते.

कार्यक्रमाची रचना अगदी साधी आहे. मुलगा किंवा मुलगी एका क्रमांकावर एक शब्द पाठवते. नाव विचारत नाहीत, पालकांची परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत. वय विचारतात, कारण सोळा वर्षांच्या आणि तेवीस वर्षांच्या माणसाशी एकच बोलणे चालत नाही. सोडायची तारीख ठरवली आहे का, असे विचारतात. ठरवली असेल तर त्या तारखेच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठ आठवडे रोज एक संदेश येतो. ठरवली नसेल तर हुसकावून लावत नाहीत. चार आठवडे अशा माणसासाठी वेगळे संदेश येतात, ज्यांत आत्मविश्वास वाढवण्यावर आणि लहान लहान सरावांवर भर असतो. तारीख पुढे ढकलता येते, पुन्हा ढकलता येते.

यातली ‘पुन्हा ढकलता येते’ ही सोय वरवर ढिलाईची वाटेल. पण व्यसन सोडणाऱ्या माणसाजवळ जो बसला आहे त्याला तिची किंमत कळते. पहिली तारीख हुकली की माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि मदतीचे दारच बंद करून घेतो. इथे दार उघडे राहते.

रोजच्या संदेशाव्यतिरिक्त आणखी एक व्यवस्था आहे आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. ताण आला, तलफ आली, किंवा घसरून एखादा झुरका घेतला, तर त्या त्या प्रसंगाचा एक ठरावीक शब्द पाठवायचा. उत्तर त्याच क्षणी येते, रात्री दोनलाही. घसरलेल्या माणसासाठी वेगळा शब्द राखून ठेवणे, म्हणजे घसरण होणार हे आधीच मान्य करणे आणि त्यानंतर काय करायचे हेही तयार ठेवणे. रागावणे नाही, ‘सांगितले होते ना’ नाही. एक झुरका घेतला म्हणून सारे संपले असे नसते, पुढचा झुरका न घेणे अजून आपल्या हातात आहे, हे त्या मिनिटाला कोणीतरी सांगते.

संदेशांतले बरेचसे बोल ज्यांनी स्वतः सोडण्याचा प्रयत्न केला अशा मुलामुलींचे आहेत. तज्ज्ञाने ‘पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे ही लक्षणे सर्वाधिक असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतात’ असे सांगितले तर ती माहिती झाली. आपल्याच वयाच्या कोणी ‘तिसऱ्या दिवशी मी मैत्रिणीवर ओरडले, मग रडले, सातव्या दिवशी बरी होते’ असे सांगितले तर तो दिलासा होतो. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे नव्याने आलेल्यांचा हात धरत आली आहेत. उपचार देणाऱ्याइतकाच आधी त्या वाटेने गेलेला माणूस उपयोगी पडतो, हे आपण चार दशके पाहत आहोत. फोनवरच्या कार्यक्रमाने तेच अनोळखी, लाजऱ्या, कोणालाही न सांगितलेल्या मुलापर्यंत नेले.

या कार्यक्रमाची तपासणी कशी झाली, हे सांगणे आवश्यक आहे, कारण इंटरनेटवर व्यसन सोडवण्याचा दावा करणारी ॲप ढिगाने मिळतात आणि त्यांतल्या फार थोड्यांची कोणी परीक्षा घेतलेली असते. १८ ते २४ वयाच्या २,५८८ तरुणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाला कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला फक्त महिन्यातून एकदा ‘व्हेप ओढता का’ असे विचारणारा संदेश. यांतले बहुतेक व्हेपच्या पक्के आहारी गेलेले होते. पाचांपैकी चार जण सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ओढत होते. सात महिन्यांनी कार्यक्रमाच्या गटातल्या २४.१ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या १८.६ टक्के जणांनी मागच्या तीस दिवसांत अजिबात ओढली नसल्याचे सांगितले. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना ‘ओढतात’ असेच धरले होते. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२४ साली १३ ते १७ वयाच्या १,५०३ मुलांवरच्या चाचणीचे निकाल आले: कार्यक्रमाच्या गटात ३७.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २८ टक्के. सोडणारी मुले सिगारेटकडे वळली असेही दिसले नाही. ती धास्ती अनेकांना होती.

साडेपाच टक्क्यांचा फरक वाचून वाचक निराश होईल, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. अठरा जणांना हा कार्यक्रम दिला तर त्यांतला एक जण असा सुटतो जो एरवी सुटला नसता. संदेश पाठवायला लागणारा खर्च नगण्य आहे, आणि कार्यक्रमात आजवर लाखो तरुण आले आहेत. अठरांतला एक, या हिशेबाने सुटलेल्यांची संख्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी होईल. कोणत्याही दवाखान्याला, कितीही चांगला असला तरी, एवढ्या लोकांपर्यंत पोहोचता आले नसते. दुसऱ्या गटाचे १८.६ टक्केही मला बोलके वाटतात. ही मुले सोडायची इच्छा धरूनच आली होती, आणि दर महिन्याला कोणीतरी विचारत होते. नुसते नियमित विचारणेही काही जणांना पुरले असेल, असे मला वाटते.

मर्यादा झाकून ठेवणे मात्र योग्य नाही. वरच्या दोन्ही चाचण्यांत मुलांच्या सांगण्यावर विसंबले होते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२५ साली १६ ते २५ वयाच्या २६१ जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात कसोटी अधिक कडक होती: लाळ तपासून, सलग चार आठवडे सुटल्याची खात्री. सगळ्यांनाच संदेशांचा कार्यक्रम दिला होता. त्यापलीकडे एका गटाला दर आठवड्याचे समुपदेशन आणि व्हॅरेनिक्लीन हे औषध मिळाले, दुसऱ्याला समुपदेशन आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी. बारा आठवडे संपताना औषधाच्या गटात ५१ टक्के सुटले होते, निष्क्रिय गोळीच्या गटात १४ टक्के, आणि नुसत्या संदेशांच्या गटात ६ टक्के. सहा महिन्यांनी हेच आकडे २८, ७ आणि ४ होते.

हे वाचून संदेश कुचकामी ठरले असे कोणी म्हणू नये. ज्यांची सवय खोल गेली आहे, त्यांच्यासाठी संदेश हा पहिला उंबरठा आहे आणि पुढे डॉक्टरांचे दार असायला हवे, एवढेच यातून निघते. ऑनलाइन कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आपल्याकडे आलेल्या मुलाला ‘तुला आता डॉक्टरांची गरज आहे’ हे वेळेवर सांगितले पाहिजे. जो कार्यक्रम ते सांगत नाही, सगळे आपल्याच पडद्यावर सुटेल असे भासवतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

एकदम सोडायचे की हळूहळू कमी करायचे, यावर या पुस्तकात बराच भर आहे आणि तो योग्य आहे. आपल्याकडे ‘कमी करतो’ म्हणणाऱ्याला टाळाटाळ करणारा समजतात. तारीख न ठरवता नुसते ‘कमी करतो’ म्हटले तर ती टाळाटाळच असते. पण सोडण्याच्या तारखेकडे नेणारे कमी करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि चांगले कार्यक्रम ती पायरी पायरीने शिकवतात. सुरुवात सकाळपासून होते. उठल्याबरोबर पहिला झुरका घेणाऱ्याने तो आधी पंधरा मिनिटे पुढे ढकलायचा, मग अर्धा तास, मग न्याहारीनंतर. सकाळची तलफ सर्वांत तीव्र असते, म्हणून तिथे मिळालेला विजय दिवसभर पुरतो. नंतर जागा ठरवायच्या: अंथरुणात नाही, अभ्यासाच्या टेबलाशी नाही, गाडीत नाही. उपकरण खिशात न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवायचे, म्हणजे प्रत्येक झुरक्यासाठी उठावे लागते आणि हात आपोआप तोंडाकडे जाण्याची सवय मोडते. झुरके मोजणे अवघड असेल तर पॉड किती दिवस पुरला ते लिहायचे.

निकोटीनची मात्रा कमी असलेला द्रव वापरणे ही पायरीही सांगितली जाते, तिच्यात एक खाचखळगा आहे. शरीर आपला नेहमीचा वाटा मागते. मात्रा उतरली की माणूस नकळत खोल आणि वारंवार ओढू लागतो, आणि हिशेब होता तिथेच येतो. म्हणून मात्रा उतरवताना जागा आणि वेळा यांची बंधने सोडायची नसतात. आणि व्हेप कमी करताना ती भूक सिगारेटवर भागवायची नाही, हे तर ठामपणे सांगावे लागते.

आता आपल्याकडे वळू. भारत सरकारने सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम काढून आणि डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. साठवण सोडून बाकीच्या बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. बंदी योग्यच होती, असे माझे मत आहे. अमेरिकेत जे घडले ते इथे त्या प्रमाणात घडले नाही. पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली आणि टपऱ्यांवर काय मिळते ते आपण रोज पाहतो. बंदी विक्री आक्रसते, आधीच व्यसनात सापडलेल्याला सोडवत नाही. उलट तो अधिक लपतो. बेकायदा वस्तू ओढतो हे कबूल करून मदत मागायला कोण जाईल? निनावी, घरबसल्या मिळणाऱ्या मदतीची गरज अमेरिकेपेक्षा आपल्याकडे या एका कारणाने जास्त आहे.

आपल्याकडे पाया नाही असे नाही. केंद्र सरकारने २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने मोबाइल संदेशांतून तंबाखू सोडवण्याचा कार्यक्रम सुरू केला; एक मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते. त्याच वर्षी १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू झाली, आणि २०१८पासून तिचा क्रमांक देशात विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे सक्तीचे आहे. चोरून आलेल्या व्हेपच्या खोक्यावर तो क्रमांक नसतो. आणि या सेवांचा सारा रोख साहजिकच तंबाखू, बिडी, सिगारेट, गुटखा यांवर आहे. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करत होते, तेव्हा तो तसा असणे समजण्यासारखे आहे. पण जी यंत्रणा मशेरी लावणाऱ्या आजीशी आणि खर्रा खाणाऱ्या रिक्षावाल्याशी बोलायला तयार झाली आहे, तिला व्हेप ओढणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीशी बोलण्यासाठी वेगळे संदेश लिहावे लागतील.

ते संदेश मराठीत लिहिले गेले पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी कार्यक्रमाचे भाषांतर करून चालणार नाही. ‘निकोटीनच्या सेवनापासून परावृत्त व्हा’ असे सरकारी पत्रकातले वाक्य रात्री दोन वाजता कोणालाही धरून ठेवत नाही. नागपूरच्या पोराला नागपूरच्या पोराने, कोल्हापूरच्या पोरीला कोल्हापूरच्या पोरीने लिहिलेले वाटावे, इतके ते जवळचे हवेत. ज्यांनी सोडले आहे अशा मुलामुलींकडून ते लिहून घ्यावेत, मानसोपचारतज्ज्ञांनी तपासावेत, आणि आधी थोड्या मुलांवर वापरून पाहावेत. न्यूझीलंडने माओरी तरुणांसाठी वीस वर्षांपूर्वी हे केले. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक आहोत. आपल्याकडे लिहिणारे आहेत, डॉक्टर आहेत, संगणकाचे काम जाणणारे तर पुण्यात प्रत्येक गल्लीत आहेत. मुलांची गुप्तता मात्र पहिल्या दिवसापासून पाळावी लागेल: नाव नाही, कॉलेज नाही, घरी फोन नाही, आणि क्रमांक कोणत्याही जाहिरातदाराच्या हाती नाही.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांच्या हाती जाईल असे मी धरतो. स्वतः व्हेप ओढणारा तरुण वाचक असेल, तर त्याने पहिली प्रकरणे सोडून थेट कमी करण्याच्या पायऱ्यांपासून सुरुवात करावी. इतिहास नंतर वाचला तरी चालेल. प्राध्यापक आणि डॉक्टरांनी चाचण्यांचे प्रकरण लक्ष देऊन वाचावे, कारण उद्या एखादे ॲप घेऊन कोणी आला तर त्याला कोणते प्रश्न विचारायचे ते त्यात आहे.

आईबाबांना मात्र एक विनंती करतो. मुलाच्या दप्तरात ते उपकरण सापडले की पहिली शिक्षा बहुतेक घरांत ठरलेली असते: फोन काढून घ्यायचा. तो काढून घेऊ नका. व्हेप काढून घ्या, पैशांचा हिशेब मागा, रागही येऊ द्या, तो येणारच. पण मदत त्या फोनवरूनच येणार आहे. राग शांत झाल्यावर त्याच्याजवळ बसा, ‘सोडायचे आहे का, मी काय करू?’ एवढेच विचारा, आणि वर दिलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक त्याला त्याच्या फोनवरून स्वतःच लावू द्या.